आघाडीवरून डॉ. बेथ्यून

कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून (१८९०-१९३९) स्पेनच्या यादवी युद्धात रक्तपुरवठ्याचं फिरतं पथक चालवून १९३८ मध्ये चीनला गेले. जपानविरोधी आघाडीवरून त्यांनी केलेला पत्रव्यवहार त्या कामाची कहाणी सांगतो.

■ कॅनडातल्या मित्रांना : शस्त्रक्रियांच्या धबडग्याचं वर्णन, घरच्या जेवणाची आठवण आणि पुस्तकं, मासिकं, बातम्या मिळत नसल्याची तक्रार.

■ माओंना : बेथ्यून यांनी माओ त्से-तुंग यांना बरीच पत्रं लिहिली. दोघांची भेट एकदाच झाली होती. कामाच्या व्यापात आपण एकदाच उत्तर धाडलं आणि तेही पोहोचलं की नाही ठाऊक नाही, असं माओंनी डिसेंबर १९३९ च्या श्रद्धांजलीपर लेखात नोंदवलं.

■ शेवटचं पत्र : शस्त्रक्रिया करताना बोट कापलं आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरला. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी सेनापती न्ये रोंगचेन यांना लिहिलं. त्यात आपल्या वस्तू कोणाला द्यायच्या, घटस्फोटित पत्नीसाठी पैशांची विनंती आणि मलेरिया व रक्तक्षयाच्या रुग्णांसाठी क्विनाइन व लोहाची औषधं स्वस्तात कुठून घ्यावीत, हेही होतं. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचं निधन झालं.

■ सोलापूरचा दुवा : चीनमधल्या बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याकडे आली.