थंडी सोसते, उजेड सोसत नाही

पालेभाजीला थंडी मानवते, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. मार्गशीर्ष-पौषात मंडईत मेथी, पालक, चाकवत यांचे ढीग लागतात आणि चैत्र उजाडला की त्याच जुड्या मरगळतात. तेव्हा जिथे भर उन्हाळ्यातली रात्रही आपल्या पौषातल्या रात्रीसारखी गार असते, तिथे पालेभाजीची लयलूट असेल असे वाटणे साहजिक आहे. अमेरिकेच्या उत्तर टोकाला असलेल्या अलास्का राज्यात मात्र बॉक चॉय ही साधी चिनी पालेभाजी लावणाऱ्यांना दर जूनमध्ये वेगळाच अनुभव येतो. रोप जेमतेम वीतभर होते न होते तोच मधून दांडा सुटतो, टोकाला पिवळी फुले डोलू लागतात आणि पाने निबर होतात. हिमाने पीक मेले असते तर समजले असते. हे पीक मरत नाही, घाईघाईने म्हातारे होते.

मोहरीच्या नात्यातली

बॉक चॉय आता पुण्या-मुंबईच्या मंडईतही ब्रोकोली आणि झुकिनीच्या शेजारी दिसते. जाड, पांढरे, रसदार देठ आणि वर पळीच्या आकाराची हिरवी पाने. कँटनी बोलीत तिच्या नावाचा अर्थच 'पांढरी भाजी' असा आहे. वनस्पतिशास्त्रात तिची जात ब्रासिका रापा. शलजमही याच जातीतला. ब्रासिका रापा आणि काळी मोहरी यांच्या संकरातून आपल्या फोडणीतली मोहरी जन्मली, ही मांडणी नागाहारू यू या शास्त्रज्ञांनी १९३५ साली प्रसिद्ध केली. म्हणजे चिनी म्हणून आपण जिच्याकडे पाहतो, ती आपल्या मिसळणाच्या डब्यातल्या मोहरीच्या घरचीच निघाली.

योगायोग असा, की त्याच १९३५ साली अलास्कातल्या मातानुस्का खोऱ्यात एक मोठा प्रयोग सुरू झाला. महामंदीने कंगाल झालेल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांतली सुमारे दोनशे शेतकरी कुटुंबे रूझवेल्ट सरकारने तिकडे नेऊन वसवली. चिठ्ठ्या टाकून त्यांना जमिनी वाटल्या. जंगल तोडायचे, घर उभारायचे आणि तीन-साडेतीन महिन्यांच्या हंगामात वर्षाची बेगमी करायची! पाच वर्षांत निम्म्याहून अधिक कुटुंबे खोरे सोडून गेली. जी टिकली त्यांनी पामर या गावाभोवतालची शेती उभी केली. तिथल्या जत्रेत दर ऑगस्टच्या अखेरीस कोबीच्या गड्ड्यांची वजने होतात. २०१२ साली तिथे १३८ पौंडांचा, म्हणजे बासष्ट किलोंहून अधिक वजनाचा एकच गड्डा तोलला गेला. मोठ्या माणसाएवढा कोबी!

एकाच घरातल्या दोघी

इथे खरा प्रश्न उभा राहतो. कोबी आणि बॉक चॉय एकाच कुळातल्या. माती तीच, पाणी तेच, ऊनही तेच. मग एकीचे वजन बासष्ट किलो आणि दुसरी वीतभर होताच फुलोऱ्यावर, असे का?

उत्तराचा अर्धा भाग उजेडात आहे. २१ जूनच्या सुमारास मुंबईत दिवस सव्वातेरा तासांचा असतो. पामरला तो साडेएकोणीस तासांच्या आसपास जातो आणि आणखी उत्तरेच्या फेअरबँक्सला जवळजवळ बावीस तासांचा. वनस्पती दिवसाची लांबी 'मोजतात' आणि त्यावरून फुलायचे की नाही ते ठरवतात, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवून दिले. काहींना फुलायला आखूड दिवस लागतो, काहींना लांब. बॉक चॉय ही लांब दिवसाची झाडे आहेत. दिवस लांबला की पाने वाढवण्याचे सोडून बी धरण्याची धांदल सुरू.

उरलेला अर्धा भाग थंडीत आहे. कोबीसुद्धा फुलतो, पण त्याआधी त्याचे रोप बऱ्यापैकी मोठे व्हावे लागते आणि मग कित्येक आठवडे थंडी खावी लागते. त्या वयाच्या आधी त्याला थंडी कळतच नाही. म्हणून अलास्कात तो उन्हाळाभर निवांतपणे गड्डा भरत बसतो. बॉक चॉयला मात्र मोड फुटल्यापासूनच थंडी कळते. मे महिन्याच्या गार मातीत बी रुजले, की त्या इवल्या अंकुराच्या लेखी हिवाळा होऊन गेला. मग जूनचा न संपणारा दिवस उगवतो आणि 'आता फूल' असा हुकूम सुटतो. थंडीने तयारी करायची आणि उजेडाने घंटा वाजवायची.

आपल्याकडे कांदा पिकवणाऱ्यांना हे चटकन उमजेल. वाढत्या कांद्याला नको तेव्हा थंडी लागली की डेंगळे निघतात, कांदा पोसत नाही आणि बाजारात त्याला भाव मिळत नाही.

जहाज आले नाही तर?

एवढ्याशा भाजीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. पण अलास्कात विकले जाणारे सुमारे ९५ टक्के अन्न बाहेरून येते, असा अंदाज नेहमी दिला जातो. त्यातले बहुतेक वॉशिंग्टन राज्यातून जहाजाने अँकरेजच्या बंदरात उतरते. वादळाने वा भूकंपाने ही दोरी तुटली, तर दुकानांची फडताळे रिकामी व्हायला वेळ लागत नाही. शिवाय अँकरेजमध्ये फिलिपिनो, कोरियन, ह्मोंग अशा अनेक समाजांची वस्ती आहे. आपल्या माणसाला परदेशात मेथीची जुडी मिळाली की जे वाटते, तेच त्यांना या पांढऱ्या देठांविषयी वाटत असणार. दूरवरून आठवडाभराचा प्रवास करून आलेली सुकलेली भाजी आणि परसातली ताजी भाजी, यांतला फरक गृहिणींना सांगायला नको.

उजेडाला चकवा

उपाय आहेत, आणि ते महागडे नाहीत. पहिला उपाय रोपाला थंडी लागूच न देण्याचा. बी थेट वाफ्यात न टाकता घरात, अठरा-वीस अंशांच्या उबेत रुजवायचे आणि तीन-चार आठवड्यांची रोपे मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी बाहेर लावायची. वाफे उंच करून त्यांवर प्लॅस्टिक अंथरले की माती लवकर तापते. दुसरा उपाय वाणाचा. 'मेई चिंग चोई', 'जोई चोई' यांसारखे वाण दांडा उशिरा सोडतात. तिसरा उपाय, भाजी मोठी होण्याची वाटच न पाहण्याचा. महिनाभरात मुठीएवढी झाली की कापायची. कोवळीच गोड लागते.

चौथा उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. दुसरी पेरणी जुलैच्या उत्तरार्धात करायची. ऑगस्टमध्ये अँकरेजकडचा दिवस रोज पाच-साडेपाच मिनिटांनी आखडत जातो. भाजी वाढते आणि उजेड ओसरतो. तोवर जून झालेली रोपे हलके हिमही सोसतात. कोबीवर्गाच्या मुळांना पोखरणाऱ्या माशीच्या अळ्या आणि पानांची चाळण करणारे पिसू-भुंगेरे यांच्यासाठी मात्र लावणीच्या दिवसापासून वाफ्यावर पातळ कापड पांघरावे लागते.

इतके करूनही दांडा सुटलाच तर? तो कोवळा असताना खुडून परतायचा. चीनमध्ये फुलोऱ्याचे दांडे आवडीने खाल्ले जातात. आपण नाही का, मुळा फुलून शेंगा धरला की डिंगऱ्यांची भाजी करत?

लेहचा दाखला

थंडी आणि आखूड हंगाम आपल्या देशातही आहे. साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहमध्ये १९६२ साली संरक्षण खात्याने शेतीसंशोधनाची प्रयोगशाळा काढली, ती सीमेवरच्या जवानांना ताजी भाजी मिळावी म्हणून. आज तिथे मातीच्या जाड भिंती आणि दक्षिणेला प्लॅस्टिकचे छत असलेल्या घरांत भर हिवाळ्यात पालेभाजी निघते. पण लेह विषुववृत्ताच्या पुष्कळ जवळ आहे. तिथला मोठ्यात मोठा दिवस साडेचौदा तासांचा. म्हणजे लडाखी शेतकऱ्याचे भांडण मुख्यतः थंडीशी. अलास्कातल्या शेतकऱ्याचे थंडीशी आणि उजेडाशीही.

आता हवामान तापते आहे. फेअरबँक्सचा हिममुक्त हंगाम विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे ८५ दिवसांचा होता, तो शतकभरात १२० दिवसांच्या पुढे गेला. त्यामुळे आता उत्तरेकडे सगळेच पिकेल, असे काहींना वाटते. पण हवा तापली तरी पृथ्वीचा आस कलला आहे तसाच राहणार. जूनमधला दिवस तेवढाच लांब राहणार. दक्षिणेकडची पिके उचलून उत्तरेला न्यायची म्हटली, तर प्रत्येक पिकाला आधी विचारावे लागेल, की बाबा, तुला उजेड किती सोसतो? हंगाम लांबवणे माणसाच्या हातून, कळत-नकळत, घडले. दिवस आखडणे त्याच्या हाती नाही. तिथे ऑगस्टची वाट पाहणारा शेतकरीच खरा.