मार्गदर्शकाविना शिकार: न्यूझीलंडला जाण्यापूर्वी

परदेशी पाहुण्याला मोठ्या प्राण्याची शिकार स्वतःच्या बळावर करू देणारे देश थोडेच. अलास्कात परदेशी नागरिकाला परवानाधारक मार्गदर्शक लागतोच. न्यूझीलंडमध्ये ही सक्ती नाही. तिथे वटवाघळे सोडली तर जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी नव्हतेच. हरणे माणसांनी नेऊन सोडली. आपल्या हिमालयातला ताहरही १९०४ मध्ये आओराकी माउंट कुकच्या परिसरात सोडला गेला. हे कळप उंचावरच्या दुर्मीळ वनस्पती फस्त करतात, म्हणून संख्या आवरायला शिकारी हवेच असतात.

कागदपत्रे दोन प्रकारची. बंदुकीसाठी पाहुण्यांचा शस्त्रपरवाना, आणि सरकारी संवर्धित जमिनीवर शिकारीसाठी तिथल्या संवर्धन खात्याची मोफत परवानगी. स्वतःची बंदूक नेणार असाल तर आयातीची मंजुरी वेगळी. बूट-तंबूला माती चिकटलेली चालत नाही. विमानतळावर कसून तपासणी होते.

लाल हरणांचा माजाचा काळ मार्चअखेर ते एप्रिल, ताहरांचा साधारण मे-जून. हवामान मात्र कुणाचे ऐकत नाही. पावसात नद्या तासाभरात फुगतात, तुम्हाला न्यायला हेलिकॉप्टर येऊ शकत नाही. म्हणून दोन-तीन दिवसांचा जादा शिधा आणि उपग्रहाद्वारे संकटसंदेश धाडणारे यंत्र यांत काटकसर करू नये. समोर नेमके काय आहे याची पूर्ण खात्री पटल्याशिवाय चापाला बोट लावायचे नाही. झुडपात हललेला तुमचा सोबतीही असू शकतो.