चीक, मध आणि मोबाईलवरचा धडा

अफवा मोबाईलवरूनच पसरतात, मग त्याच मोबाईलवर आरोग्याचं शिक्षण कसलं देणार, असं विचारलं जातं. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूरकडे हा प्रश्न अधिकच पटतो, कारण सिद्धगडाच्या आसपासच्या वाड्यांवर रेंजचाच भरवसा नसतो. पण पहिला पिवळसर चीक पिळून टाकणं, बाळाला मध चाटवणं, उन्हाळ्यात वरचं पाणी पाजणं हे व्हॉट्सॲपने शिकवलेलं नाही. ते पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, तेही मायेपोटी. वस्तुस्थिती अशी की चिकात रोगांशी लढणारी द्रव्यं भरपूर असतात आणि पहिल्या दिवशी बाळाला तो थोडासाच पुरतो. मधामुळे वर्षाखालच्या बाळाला बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. आईच्या दुधात ८५ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणून सहा महिने वरचं पाणी नको.

सर्वांत महागात पडतो तो ‘मला दूधच येत नाही’ हा समज, कारण त्याच्या मागोमाग घरात बाटली येते. बहुतेकदा खोट दुधात नसते, बाळाला धरण्यात असते. बाळाने नुसतं स्तनाग्र चोखलं तर दूध पुरेसं मिळत नाही. तोंड मोठं उघडून भोवतीचा काळा भाग, त्यातही खालच्या बाजूचा, बराचसा तोंडात घ्यावा लागतो आणि हनुवटी छातीला टेकावी लागते. हे भाषणातून कळत नाही, बघावंच लागतं. आयआयटी मुंबईच्या ‘हेल्थ स्पोकन ट्युटोरियल’मध्ये ते दाखवलेलं आहे. बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांचा त्यात मोठा वाटा आहे. धडे मराठीतही आहेत आणि फुकट आहेत. आशाताईने मुरबाडला गेल्यावर ते फोनवर उतरवून घेतले की वाडीवर रेंजची गरज उरत नाही. मात्र नुसते ग्रुपवर ढकलले, तर ‘शुभ सकाळ’च्या गर्दीत बुडालेच म्हणून समजा.

धड्याने पोट भरत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाचा रोजगाराचा प्रश्न कुठलीही चित्रफीत सोडवणार नाही. पण चीक पाजायला पैसे पडत नाहीत. सहा महिने पुरे झाल्यावर डाळीच्या वरच्या पाण्याऐवजी घट्ट घोटलेली डाळ भरवायलाही वेगळा खर्च नाही. पातेलं तेच, डाळही तीच. घरात कुणाला दिवस गेले असतील तर हे धडे बाळंतपणाआधीच बघा, आणि सासूबाईंनाही शेजारी बसवा.