हजेरी वहीतील खाडा

रुग्णालयाचा जमाखर्च मांडणे हे गेली अनेक वर्षे माझे काम. वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला रिकामा रकाना सहसा सहन होत नाही; तो नुकसानीच्या बाजूला लिहून मोकळा होतो. बांधकामावरील मुकादमाचेही तसेच असते. ज्या दिवशी मजुराच्या नावापुढे हजेरीची खूण पडत नाही, त्या दिवसाला 'खाडा' म्हणतात. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी नाही, आणि बहुधा सोबत 'कामचुकार' हा शेरा. असे काही खाडे आमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसलेले आढळतात. म्हणून या अहवालात त्यांविषयी थोडे लिहीत आहे.

वसई-विरार परिसरात गेल्या तीन-चार दशकांत उभ्या राहिलेल्या इमारती ज्यांनी बांधल्या, त्यांतील पुष्कळजण येथे राहत नाहीत, केवळ मुक्कामाला असतात. गवंडी, सेंट्रिंगवाले आणि बिगारी उत्तर प्रदेश, बिहारसारख्या राज्यांतून येतात. आपल्याच जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतून आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर येतात, होळीला गावी जातात आणि पावसाच्या तोंडावर भातशेतीसाठी परततात. हे खाडे पंचांगाइतके ठरलेले आहेत. जो ठेकेदार ते गृहीत धरून स्लॅबची तारीख ठरवतो, त्याचे काम अडत नाही.

खरा प्रश्न अवचित पडणाऱ्या खाड्यांचा आहे. आमच्याकडे आलेला एक तरुण बिगारी परांचीवरून घसरला होता. मार किरकोळ होता. मलमपट्टी होऊन तो त्याच दिवशी परतला. पुढे मात्र वर चढताना त्याचे पाय थरथरू लागले, रात्री डोळा लागेना. आठवड्यात तीन खाडे झाले. मुकादमाने त्याला आळशी ठरवले. स्वतः त्याने डॉक्टरांना सांगितले ते एवढेच, की अंग दुखते आणि छातीत धडधडते. 'भीती वाटते' असे चार माणसांत म्हणण्याची सोय बांधकामावर नाही. मनाचे दुखणे आमच्याकडे बहुधा पाठदुखी, डोकेदुखी किंवा अपचन या नावांनीच येते, हे आमच्या डॉक्टरांनाही अनुभवाने कळले आहे.

त्यात उचलीचा भार असतो. गाव सोडतानाच मुकादमाकडून घेतलेली रक्कम मजुरीतून फिटायची असते. खाडा झाला की फेड लांबते, फेड लांबली की काळजी वाढते आणि काळजीने झोप उडाली की पुढचा खाडा होतो. पत्र्याच्या खोलीतील उकाडा आणि गावाकडील आजारपणाचे फोन यांत भर घालतात. कोणी दारूने झोप आणू पाहतो. मग सकाळ हातची जाते. व्याजावर व्याज चढावे तसाच हा प्रकार, आणि दंड म्हणून आणखी मजुरी कापणारा ठेकेदार मुद्दलच वाढवत असतो. २०२० च्या टाळेबंदीत, मे महिन्यात, वसई रोडहून गोरखपूरसाठी सुटलेली श्रमिक विशेष गाडी ओडिशातील राउरकेल्याला पोहोचली होती. घर वेळेवर गाठता येईल की नाही, ही धास्ती अशा प्रसंगांनंतर सहज जात नाही.

विषय किती गंभीर आहे, हे एका आकड्यावरून दिसेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२१ मध्ये देशात १,६४,०३३ आत्महत्या झाल्या; त्यांत ४२,००४ व्यक्ती रोजंदारीवर काम करणाऱ्या होत्या. हे सारे बांधकाम मजूर नव्हेत. परंतु बांधकाम मजूर बहुतांशी याच वर्गात मोडतात.

खाड्याची दुसरी शिक्षा कागदावर होते. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये कायदे झाले. बांधकाम खर्चाच्या एक ते दोन टक्के उपकरातून कल्याण निधी उभारण्याची तरतूद झाली आणि पुढे ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आली. लाभासाठी नोंदणी हवी आणि नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत किमान नव्वद दिवस काम केल्याचा दाखला. काम नव्वद दिवसांहून अधिक झालेले असते. पण ते तीन मुकादमांच्या तीन वह्यांत विखुरलेले असते, आणि रुसलेला मुकादम दाखला देत नाही.

आता आमच्या वहीविषयी. त्या तरुणाला आम्ही फेरतपासणीसाठी बुधवारी सकाळी अकराची वेळ दिली होती. तो आला नाही. आमच्या लेखनिकाने नोंद केली : 'रुग्ण गैरहजर'. म्हणजे मुकादमाने लिहिले तेच आम्हीही लिहिले. उपचारासाठी त्याने एक दिवसाची मजुरी सोडावी, ही आमची अपेक्षा होती आणि तिचा हिशेब आम्ही कधी केलाच नव्हता.

यानंतर दोन बदल केले. आठवड्यातून दोन दिवस बाह्यरुग्ण विभाग रात्री नऊपर्यंत चालू ठेवला. अनेक बांधकामांवर अमावास्येला काम बंद असते, म्हणून त्या सकाळी मजुरांसाठी स्वतंत्र तपासणी व समुपदेशन ठेवले. रुग्णालयाने अमावास्या पाळावी यावर सभेत थोडा हशा झाला, तो रास्तच होता! प्रत्येक केसपेपरवर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक छापला आहे. ही शासकीय सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. ती विनामूल्य असून तेथे मराठीत व हिंदीत बोलता येते. गैरहजर रुग्णाला फोन करून कारण विचारण्याचे काम समाजसेविकांकडे दिले आहे.

तो तरुणही असाच फोन गेल्यावर पुढच्या अमावास्येला आला. त्याच्या संमतीने आमच्या समाजसेविका मुकादमाशी बोलल्या. काही आठवडे त्याला परांचीवर न चढवता तळमजल्यावर विटा देण्याचे काम मिळाले. झोप अजून पूर्ण आलेली नाही. उपचार चालू आहेत.