ठिपके गेले, रोग गेला का?

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी माशांची टाकी आहे? आमच्या चौथीच्या वर्गात एक आहे. ४० लिटर पाण्याची. तिच्यात काळ्याभोर पाच मॉली होत्या. एके दिवशी आम्ही बाजारातून सहावी आणली आणि सरळ टाकीत सोडली. इथंच आमचं चुकलं!

चार-पाच दिवसांनी एक मुलगी धावत आली. "बाई, नव्या मॉलीच्या अंगावर रवा सांडलाय!" बघते तर खरंच! अंगभर बारीक पांढरे ठिपके. ती सारखी तळाच्या खडीला अंग घासत होती. लवकरच सगळ्याच मॉलींवर ठिपके दिसले. नवी मॉली मेली, पाठोपाठ एक जुनीही. त्या दिवशी वर्गात कुणी धड डबा खाल्ला नाही.

एका विद्यार्थ्याचे काका खूप वर्षं मासे पाळतात. त्यांना बोलावलं. ते म्हणाले, "हा 'इक'. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग."

हा रोग करणारा जीव एकपेशीय असतो. त्याचं नाव इक्थियोप्थिरियस मल्टिफिलिस. बापरे, केवढं नाव! पण अर्थ सोपा आहे, 'पुष्कळ पोरं असलेली माशाची ऊ'. ही काही खरी ऊ नव्हे; पण पोरं मात्र खरंच पुष्कळ. कशी, ते बघा.

हा जीव माशाच्या कातडीत शिरतो आणि तिथंच खाऊन-पिऊन फुगतो. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे हाच. पुरेसा मोठा झाला की तो मासा सोडतो, तळाशी जातो आणि स्वतःभोवती कवच करतो. कवचात त्याचे दोनाचे चार, चाराचे आठ असे शेकडो तुकडे होतात. मग ती शेकडो पिल्लं बाहेर पडून नवा मासा शोधू लागतात. साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरतात.

आता गंमत ऐका. कातडीतल्या ठिपक्याला औषध लागत नाही, कवचातल्यालाही नाही. औषध लागू पडतं ते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना!

काकांनी हीटरनं पाणी दोन दिवसांत हळूहळू २५ वरून ३० अंशांवर नेलं. ऊब मिळाली की या जिवाचा फेरा भराभर पुरा होतो आणि पिल्लं लवकर बाहेर येतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवेचा पंप सतत चालू ठेवला. पाणवनस्पतींना मीठ सोसत नाही. त्या मासे नसलेल्या बादलीत ठेवल्या. मग लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ८० ग्रॅम मीठ विरघळवून थोडंथोडं घातलं. एक दिवसाआड तळ नळीनं साफ करून १० लिटर पाणी बदललं. पाण्याबरोबर किती मीठ गेलं? २० ग्रॅम. तेवढंच परत घालायचं. हे गणित मुलांनी फळ्यावर केलं!

पाचव्या दिवशी सगळे ठिपके गायब! टाळ्या पडल्या. "बाई, आता हीटर बंद करू?" काका म्हणाले, "थांबा. ठिपके गेले, म्हणजे ते मासा सोडून तळाशी गेले. खरी लढाई आत्ता आहे."

दोन दिवसांनी एका मॉलीच्या शेपटीवर पुन्हा तीन ठिपके दिसले. उपाय बंद केले असते तर? शेवटचा ठिपका गेल्यावरही आम्ही आठवडाभर नेटानं उपाय चालू ठेवले. चार मॉली वाचल्या.

पण सगळ्या माशांना हाच उपाय चालत नाही हं. गोल्डफिशला थंड पाणी आवडतं, काही माशांना मीठ सोसत नाही. म्हणून आधी जाणकाराला विचारा. दुकानात मिळणारी औषधं मोठ्यांनीच घालावीत. टाकीत हात घालण्यापूर्वी हीटरचा प्लग काढा. हा रोग माणसाला होत नाही, तरी नंतर हात साबणानं धुवा.

आणि नवा मासा आणलात, की निदान तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवा. त्याची जाळीही वेगळी. आमच्या वर्गाच्या खिडकीत आता त्यासाठी दुसरी छोटी टाकी आहे. तिच्यावर मुलांनी चिठ्ठी चिकटवली आहे, 'पाहुण्यांची खोली'!