मूर्ती परतली, पुढे काय?

तमिळनाडूतील श्रीपुरंथान येथील मंदिरातून चोरीस गेलेली चोळकालीन नटराजाची कांस्यमूर्ती कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतली. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाने ती भारताला परत केली.

अशी मूर्ती पाहणाऱ्याच्या मनातील भाव स्थळागणिक बदलतो. कलादालनात उघड्या धातूवर प्रकाशझोत असतो. प्रेक्षक तोल, लय आणि कारागिरी पाहून थक्क होतो. मंदिरात तीच मूर्ती रेशमी वस्त्रे आणि फुलांनी जवळजवळ झाकलेली असते. मार्गळी महिन्यातील तिरुवादिरै उत्सवात नटराज मिरवणुकीने निघतो, तेव्हा दारात ताटकळणाऱ्या भाविकाला गावाचा स्वामी भेटीस आल्याचे समाधान लाभते.

तिसरे स्थळ शासकीय मूर्ती-सुरक्षा केंद्राचे. कुंभकोणमसारख्या ठिकाणी असलेल्या या केंद्रांत चोरीची भीती कमी. पण तेथे उत्सव नाही आणि रसिकही नाही. लहान गावांतील मंदिरे असुरक्षित आहेत, हा प्रशासनाचा युक्तिवाद खोटा नव्हे. म्हणूनच परत आणलेल्या मूर्तींची संख्या सांगून धोरणाची इतिश्री होत नाही. त्या मंदिरांना पहारेकरी, धोक्याची घंटा आणि सचित्र नोंदणी देणे हा मूर्ती परत आणण्याच्या कार्याचाच उरलेला भाग आहे.