गिरणाऱ्यापलीकडचे इंटरनेट

गंगापूर रोडने नाशिक मागे टाकून गिरणारेमार्गे हरसूलच्या दिशेने निघाले, की मोबाइलवरील सिग्नलच्या रेघा कमी होऊ लागतात. ह्यास डोंगर कारणीभूत आहेत. मोबाइलच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. टॉवर आणि घर ह्यांच्यामध्ये टेकडी आली, की घर तिच्या सावलीत पडते.

अशा पाड्यावरील कुटुंबाने प्रथम ग्रामपंचायतीत चौकशी करावी, असे आम्ही सुचवतो. २०११ साली मंजूर झालेली आणि पुढे ‘भारतनेट’ नावाने ओळखली जाऊ लागलेली योजना ऑप्टिकल फायबरची केबल ग्रामपंचायतीपर्यंत नेण्यासाठी आहे. अडते ते त्यापुढील दोन-तीन किलोमीटरांत. केबल कार्यालयात, आणि पाडा ओढ्यापलीकडे! ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात ग्रामपंचायतीचे ठिकाण नसलेल्या गावांनाही मागणीनुसार जोडण्याची तरतूद आहे. म्हणून मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. तोंडी मागणीची नोंद राहत नाही.

तोवर उंचीचा आधार घ्यावा. सिमकार्डावर चालणारा राउटर घेऊन त्याचा बाहेरचा अँटेना छपरावर, टॉवरच्या दिशेने रोखून बसवावा. वायर आखूड असावी, कारण लांब वायरीत मिळालेला सिग्नलही विरतो. बाजारात मिळणारे ‘बूस्टर’ मात्र घेऊ नयेत. परवानगीविना ते लावणे बेकायदेशीर आहे, शिवाय शेजाऱ्यांचेही नेटवर्क त्यामुळे बिघडते. राउटरला लहानशी बॅटरी जोडावी, म्हणजे वीज गेली तरी मुलांचा ऑनलाइन तास चालू राहील.